टोपी, तलवार आन् सोन्याची पेटी

आमच्या बेला गावात विलासच्या झेरॉक्सच्या दुकानामागं एक खोली आहे. तिथं आमी चौघं रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर गेम खेळतो. मोठ्या नकाशाचे गेम, कुठंबी हिंडा, कोनी 'काऊन आला, काय काम?' विचारत नाही! आमच्यातले प्रमोद सर शाळेत गणित शिकवतात. ते तं दोन वर्षांपासून स्वतःचाच गेम बनवून राह्यले, आन् परवापर्यंत कोनी तो दहा मिनिटांच्या वर खेळलं नव्हतं. किस्से इतके साचले की आता त्यायलेच एक खोली लागंल.

सुरुवात विलासपासून. एका गेमात शंभर पिसं लपवलेले होते. गड्यानं महिनाभर डोंगर, छपरं, विहिरी धुंडाळून शंभरावं पीस उचललं. बक्षीस काय, तं एक टोपी!

"महिनाभर वणवण केली आन् टोपी?" तो ओरडला.

तेवढ्यात त्याची बायको आत आली. "तिकडं शंभर पिसं सापडले, आन् घरातलं गॅसचं पुस्तक तीन दिवसांपासून सापडून नाही राह्यलं!" पुस्तक त्याच कीबोर्डखाली निघालं.

माझं त्याहून वाईट. मला एक भारी तलवार मिळाली. म्हटलं, मोठ्या राक्षसासाठी ठेवू. राक्षस आला तं वाटलं, याच्याहून मोठा येईल. असं करता करता गेम संपला, तलवार तशीच! घरी हळहळत सांगितलं तं बायको म्हणे, "नवल काय? लग्नातला डिनर सेट बी तुमी अजून पाहुण्यांसाठीच ठेवला!"

गजानन काका आमच्यातले सगळ्यात मोठे, वांगी-टमाटे पिकवतात, आन् गेममधला घोडा पळवण्यात पटाईत. एक दिवस मोहीम चालू, वेळ संपत आलेली, आन् काका घोड्यावरून उतरून पायी निघाले!

"काका, बसा ना घोड्यावर! हारसान!"

"आज पोळा आहे."

"पोळा बैलायचा असते, काका!"

"जनावरच आहे ना?"

हारले. वाईट आमालाच वाटलं, त्यायले काहीच नाही.

आता सरांच्या गेमाचं. त्यात बैलगाडी, कापसाचे वावर, आन् शेवटी टेकडीवर सोन्याची पेटी. वाटेत दर मिनिटाला काहीतरी बक्षीस: नाणी, हार, फटाके! विलास कंटाळून दहाव्या मिनिटाला उठला, मी आठव्याच. सरांचा चेहरा पडला. "आता काका शेवटचे. तेबी उठले तं मी सगळं पुसून टाकतो." दोन वर्षांची मेहनत!

काका बसले. नाणी उचलली नाही, फटाक्यांकडं पाह्यलं नाही. गाडीत कापूस भरला, बैलं दमानं हाकत तासाभरानं टेकडीवर पोचले. पेटी समोर! आन् काका एकेक बटन दाबून पाहू लागले.

"काय शोधून राह्यले, काका?"

"बैलं कशानं सोडायचे?"

असं बटन नव्हतंच. सरांनी दुसऱ्या दिवशी ते करून आणलं. काका पुन्हा टेकडीवर गेले, बटन दाबलं. जू उतरलं. बैलांनी माना हलवल्या, पाणी प्याले आन् बसले. काका बराच वेळ पाहत राह्यले, मग चष्मा खिशात ठेवून उठले.

"काका, पेटी राह्यली ना!" सर कळवळले.

"राहू दे," काका म्हणे. "उद्या लवकर येतो. या बैलायले चारा कुठून आणायचा, तेवढं सांगून ठेव."