लातूरची मोटार नांदेडातून चालवली त्याची गोष्ट

सातवीत माझी शाळा सुटली. सुटली म्हणजे मास्तरच म्हणाले, तू येऊ नको, बाकीची पोरं तरी शिकतील. मग नांदेडात मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं आन् लोह्याकडच्या शेतांत मोटारीचे मोबाईल-स्टार्टर बसवायला लागलो. ते सोपं काम हाय. शेतकरी घरून मिस कॉल देतो, मोटार चालू. परत मिस कॉल देतो, मोटार बंद. एकच घंटी, कामं दोन. वर्षानुवर्षं हेच केल्यानं माझं डोकंबी तसंच चालतं. कधी चालू, कधी बंद, आन् आता कशावर हाय ते मलाच मालूम नसतंय.

माझी थोरली बहीण, आक्का, लातूरला दिली. भाऊजी ट्रकवर असतात, घरी कमीच. घरात आक्का आन् तिची सासू. सासूला मी मावशी म्हणतो, त्यांचे गुडघे पार गेलेत. पोरगी, म्हणजे माझी भाची, किनवटच्या आश्रमशाळेत हॉस्टेलला.

आक्काच्या गल्लीत नळ आठवड्यानं येतो. तिचा हौद इवलासा. तो भरला की मोटार लावून पाणी वरच्या टाकीत चढवायचं, तळ लागला की बंद करायची, भरला की परत लावायची. नळ जाईस्तोवर हेच. मोटार लावली न्हाई की हौद वाहतो आन् आठवड्याचं पाणी नालीत. म्हणून नळाच्या दिवशी आक्का घर सोडत न्हाई. कुणाचं लग्न असू दे न्हाईतर मयत.

भाची कबड्डी खेळते, लई भारी खेळते म्हणे. 'म्हणे' यासाठी, की आक्कानं तिला खेळताना कधी बघितलंच नव्हतं. दरवेळी नळ आडवा यायचा. औंदा किनवटच्या पोरींची मॅच नांदेडला ठरली. पोरगी दहावीला, म्हणजे शाळेकडून शेवटचीच. आन् नळाची पाळी नेमकी त्याच दिवशी. आक्का फोनवर म्हणाली, राहू दे, फोटो काढून पाठव. ते ऐकलं आन् माझ्या आंगात हुशारी शिरली. म्हणालो, तू ये, मोटारीचं मी बघतो.

त्या दिवसांत मी व्हिडिओ बघून बघून प्रोग्राम लिहायला शिकून राहिलो व्हतो. त्यात वेबसॉकेट नावाची चीज सापडली व्हती. नेहमीचं इंटरनेट म्हणजे घडीघडी फोन लावून विचारायचं, पाणी आलं का, पाणी आलं का. वेबसॉकेट म्हणजे फोन एकदाच लावायचा आन् कट करायचाच न्हाई. समोरच्याला सांगायचं असंल तेव्हा तो सांगतो. त्याची तयार लायब्ररी मिळते, कुण्या शहाण्यानं लिहून ठेवलेली. आपण तिला एवढंच सांगून ठेवायचं: लाईन जुळली की हे कर, निरोप आला की ते कर, तुटली की परत जोड. मग गप बसायचं. काही घडलं की तीच हाक मारते. गप बसायचा धंदा मला लई पटला.

आदल्या पाळीला लातूरला जाऊन हौदात सेन्सर सोडला. हौद भरला की त्याचा एक निरोप, तळ लागला की एक निरोप. स्टार्टरपाशी जुना मोबाईल बांधला, त्यात माझा प्रोग्राम. निरोप आला की स्टार्टरला एक टिचकी. पहिल्या टिचकीला चालू, दुसरीला बंद, आपल्या मिस कॉलसारखं. हौद आन् स्टार्टर एकाच अंगणात, पण निरोप जायचा परदेशातल्या मशीनला वळसा घालून. मावशी म्हणाल्या, "पावणं, तेवढ्यासाठी मी हाक मारली असती की." पण त्या दिवशी मोटार घड्याळावानी चालली. आक्कानं बॅग भरायचं ठरवलं.

मॅचच्या दिवशी सकाळी नांदेडातून प्रोग्राम नव्यानं चालू करून घेतला. त्यानंतर लातूरला लाईट ये-जा करून राहिली, वायफायचा डबा बंद-चालू व्हायचा. माझ्या मोबाईलवर दिसायचं, लाईन तुटली, लाईन जुळली. आक्काला दाखवलं, बघ, आपोआप जुळतंय. ती बिचारी हाव म्हणाली.

दुपारी मैदानावर पहिला डाव सुरू झाला. भाची पहिल्याच चढाईत एकीला शिवून आली. आक्कानं पदराचं टोक दातात धरलं ते सोडलंच न्हाई. तेवढ्यात मोबाईल वाजला. 'हौद भरला.' त्याखाली 'टिचकी दिली'. त्याखाली परत 'टिचकी दिली'. असं चारदा. मी छाती फुगवून आक्काला म्हणालो, बघ, चार-चारदा पोचलं, एकदम पक्कं काम.

लगेच मावशींचा फोन. "पावणं, मोटारीला उचकी लागली. चालू झाली, बंद झाली, परत चालू, परत बंद. आता गपच हाय. आन् हौद वाहून राहिला."

आक्काला पाणी आणतो म्हणून मंडपामागं गेलो आन् मोबाईलवर प्रोग्राम उघडला. आपणच लिहिलेलं आपल्यालाच उमजंना. वरून खाली, खालून वर. मग दिसलं. 'निरोप आला की टिचकी दे' ही ओळ मी 'लाईन जुळली की' च्या पोटात लिहून बसलो व्हतो. म्हणजे लाईन जितक्यांदा जुळली, तितकी माणसं मी स्टार्टरपाशी उभी केली. सकाळचा एक आन् लाईटीनं वाढवलेले तीन. निरोप एकच, पण चौघंबी हुकमाचे ताबेदार. एकानं चालू केली, दुसऱ्यानं बंद, तिसऱ्यानं चालू, चौथ्यानं बंद. शेतातला मिस कॉल एकच माणूस देतो, म्हणून तिथं कधी नडलं न्हाई.

मान वर केली तर आक्का समोर.

"काय झालं?"

"काही न्हाई."

"तुझं काही न्हाई मला लहानपणापासून मालूम हाय." तिनं मोबाईल हातातून काढून घेतला आन् सासूशी बोलली. मी बघून राहिलो, बोलता बोलता तिनं पिशवी खांद्याला लावली. तिला बसस्टँडचा रस्ता धरायचा व्हता. मावशींचा आवाज मला बाजूला ऐकू आला.

"तू पोचेस्तोवर नळ गेला असंल. मग पाणीबी न्हाई आन् पोरगीबी न्हाई. बस तिथंच. पावण्याला दे फोन."

पिशवी खांद्यालाच ठेवून ती उभी राहिली.

माझ्या डोक्यात एकच आलं. चौघं हायत म्हणून घोटाळा, पाच झाले तर पाचवा चालू करूनच सोडंल. मावशींना म्हणालो, तुम्ही अंगणात स्टार्टरपर्यंत उतरू नका, घरातल्या वायफायच्या डब्याचं बटन बंद करा, थोडं थांबून चालू करा. त्यांच्या पायांचा घसटत जाण्याचा आवाज, भिंतीला हात लावून घेतलेला श्वास, सगळं फोनमधून ऐकत राहिलो. लाईन तुटली. लाईन जुळली. मग 'हौद भरला' हा निरोप मीच इकडून धाडला. तिकडं खट, मोटार घुमली. खट, गप. खट, घुमली. खट, गप. आक्काचा हात माझ्या मनगटावर आवळला. खट. मोटार घुमली आन् घुमतच राहिली.

मावशी म्हणाल्या, चढून राहिलं पाणी.

आम्ही जागेवर जाऊन बसलो, पण मला बसवंना. आता लाईट गेली आन् आली की सहावा माणूस उभा राहणार, आन् परत बोंब. मैदानात काय चाललंय ते मला दिसतच नव्हतं. मी मोबाईलकडं असा बघत व्हतो, जणू माझ्या बघण्यानं लातूरची लाईन तुटायची थांबणार व्हती.

दुसरा डाव संपत आला. किनवटच्या पोरी मागं पडल्या व्हत्या, आन् चढाईला भाची उठली. तेव्हाच आलं. लाईन तुटली. मावशींना फोन लावला, उचलंना. परत लावला, उचलंना. लाईन जुळली. सहा झाले. आक्कानं स्क्रीन बघितली. मधल्या वेळात मी तिला सांगून टाकलं व्हतं, म्हणून आता सगळं कळत व्हतं, सम-विषम सकट: सहा म्हणजे मोटार शेवटी बंदच.

मी म्हणालो, आक्का, मावशी फोन उचलंनात.

ती म्हणाली, "गप. पोरगी चढाईला गेलीय." आन् तिनं माझा मोबाईल पालथा घालून मांडीखाली घेतला.

भाचीला तिघींनी घेरलं. एकीनं घोटा धरला. तिनं तसंच आंग झोकून बोटं मधल्या रेघेला टेकवली. आक्का उभी राहिली. पोरी मॅच हरल्याच, पण थोडक्यात. भाची आईला बघून रडायला लागली, मॅचसाठी का आईसाठी ते मी विचारलं न्हाई.

संध्याकाळी आक्काबरोबर लातूरला गेलो, शिव्या खायला. मावशी स्टार्टरपाशी स्टूल टाकून बसल्या व्हत्या, गुडघ्यांना फडकं गुंडाळून. लाईट आल्यापासून नळ जाईस्तोवर हातानंच बटन दाबलं म्हणाल्या, हात मोकळा नव्हता, फोन कसा उचलू. माझा मोबाईल वायरीतून काढून कोनाड्यात ठेवला व्हता.

"हौदात न्हाई टाकला, एवढा मान ठेवला पावण्याचा."

आक्का जिन्यानं वर गेली आन् टाकीवर बोटांनी ठोकत आली, वरून खाली. वर पोकळ वाजलं. अर्ध्याच्या जरा वर आवाज बदलला. तिनं तिथं हात ठेवला आन् म्हणाली, धुणं न्हाई होणार, पण पिणं आन् सैपाक भागंल.

मी अंगणात बसून ती ओळ बाहेर काढली, एकदाच लिहिली. निरोपबी दोन केले, चालू कर वेगळा, बंद कर वेगळा, आन् एकाच टिचकीनं चालू-बंद करायची भानगडच काढून टाकली. म्हणजे चार जणांनी चालू कर म्हटलं तरी मोटार चालूच राहील. मावशींनी ते ऐकून घेतलं आन् विचारलं, पोरगी कशी खेळली. आक्कानं पदर खोचला आन् हौदाच्या कडंनं वाकून चढाई करून दाखवायला लागली.