गृहभेटीचे तीस गुण

बकुळा तेंडोलकर अर्जदाराच्या घरी चहा घेत नसत. गिरगावातल्या वेंगुर्लेकर विद्यानिधीत त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत कुणाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायले नाही, हे त्या नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवत. बी.कॉम.ला पहिला वर्ग मिळूनही वडिलांनी त्यांना पुढं शिकवलं नव्हतं, भावाला शिकवलं. भाऊ आता न्यू जर्सीत आणि बकुळाबाई टेबलाच्या या बाजूला. त्याची कसर त्या कुणाकुणावर काढत होत्या, ते त्यांनाही ठाऊक नसेल.

विद्यानिधी दरवर्षी एकाच विद्यार्थ्याला पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी पाठवतो. शंभरातले सत्तर गुण ट्रस्टींच्या मुलाखतीचे. उरलेले तीस गृहभेटीचे, म्हणजे घरी जाऊन गरज किती आहे ते डोळ्यांनी बघून द्यायचे. ‘दाखला कुणीही काढून आणतो, घर खोटं बोलत नाही,’ असं संस्थापक म्हणून गेले होते. ते वारले एकाहत्तर साली. त्यानंतर मुंबईतली घरं काय काय शिकली, हे त्यांना कोण सांगणार?

गृहभेट बकुळाबाईंची. “मी दिसतं तेच लिहिते, पदरचं एक अक्षर घालत नाही,” असं त्या म्हणत आणि ट्रस्टी माना डोलावत.

गेल्या वर्षी मुलाखतीनंतर दोघंच शर्यतीत उरले. पहिला उन्मेष, राहणार प्रभादेवी. वडील रमाकांत बँकेत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांचा भाचा पूर्वी याच विद्यानिधीच्या पैशावर जाऊन आला होता, तेव्हा गृहभेट कशी असते हे घरात सगळ्यांना पाठ. बकुळाबाई गेल्या तेव्हा रमाकांत उसवलेल्या बनियनवर बसले होते. दिवाणखान्यात एक सतरंजी आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. भिंतीवर एसीच्या आकाराचा पांढरा चौकोन होता, वर बोल्टही तसेच. बकुळाबाईंनी तो बघितला. पण जे नाही ते लिहायचं कसं? शिवाय उन्मेषची आई लतिका मालवणची निघाली, बकुळाबाईंच्या मावशीच्याच वाडीतली. सोलकढीला नाही म्हणणं जिवावर आलं. चहा नव्हे ना ती! ‘राहणी अत्यंत साधी,’ त्यांनी लिहिलं. तीसपैकी चोवीस.

दुसरा संघर्ष गायकवाड, वरळीच्या अजून न पाडलेल्या बीडीडी चाळीतला. पाण्याच्या शुद्धीकरणावर काम करायचं म्हणून त्यानं नेदरलँड्सच्या विद्यापीठात प्रवेश मिळवला होता. मे महिन्याच्या आत फी भरली नाही तर जागा जाणार होती. वयाची अट बघता विद्यानिधीतही हा त्याचा शेवटचा अर्ज. आई राधाबाई परळच्या एका इस्पितळात आया, वडील वारलेले.

साहेबांच्या ऑफिसातली बाई आपल्या घरी येणार! राधाबाईंनी चार दिवस रजा टाकली. पोराला परदेशी पाठवणाऱ्यांना घर कसं भरलेलं दिसलं पाहिजे. भिकाऱ्याच्या हातात कोण एवढे पैसे ठेवील? माळ्यावरच्या सगळ्या खोल्या कामाला लागल्या. कुणी सोफा दिला, कुणी मोठा टीव्ही, शेजारच्या कांताबाईंनी तर आपला फ्रिज आतल्या दूध-भाजीसकट. एकशेसाठ फुटांत हे मावेना म्हणून घरची खाट बाहेर काढली.

बकुळाबाईंना ती खाट गॅलरीतच दिसली, भिंतीला उभी केलेली, शेजारी संघर्षच्या पुस्तकांचे दोन खोके. आत फ्रिजची वायर बटणापर्यंत पोचत नव्हती, फ्रिजखाली पाण्याचं थारोळं साचू लागलं होतं. सोफ्यावरून उठायचं तर टीव्हीला गुडघा लागे. सव्वीस वर्षं घरं पाहिलेल्या बाईला हे कळायला अर्धं मिनिट पुरे होतं.

“मॅडम, इथं बसा ना, पंख्याखाली. चहा ठेवलाय.”

“मी घेत नाही कुणाकडे.”

चहाला नाही म्हणणारी माणसं राधाबाईंनी आधीही पाहिली होती. त्यांनी गॅस बंद केला आणि हसतच राहिल्या.

संघर्षला राहवेना. “मॅडम, खरं सांगू का, हा फ्रिज आमचा—”

“संघर्ष!” आईनं तोडलं. “मॅडमना घाम येतोय. पंखा वाढव.”

बकुळाबाई ‘बोल रे, काय सांगत होतास?’ एवढंच म्हणाल्या असत्या तरी पुरलं असतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. ‘फ्रिज, सोफासेट, मोठा टीव्ही. गरज मध्यम.’ तीसपैकी अकरा.

बेरजेत संघर्ष बहात्तर, उन्मेष त्र्याहत्तर. एका गुणानं उन्मेष विमानात बसला.

यादी लागल्यावर चौथ्या दिवशी राधाबाई ड्यूटी संपवून गिरगावात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“मॅडम, राग नका मानू. त्या दिवशी आमच्या घरात काय कमी पडलं का हो?”

गुण कुणाला सांगायचे नाहीत असा नियम होता आणि नियम सोयीचा असला की बकुळाबाई तो कधी मोडत नसत.

“छे हो. तुमच्या घरात काहीच कमी नव्हतं.”

राधाबाईंचा जीव भांड्यात पडला. चार दिवस त्यांनी स्वतःलाच खाल्लं होतं. “मग मुलाखतीतच घोळ झाला म्हणायचा. पोरगा फटकळच आहे मेला.”

समोरच्या फाइलीत मुलाखतीचे गुण होते: सत्तरपैकी एकसष्ट, त्या वर्षीचे सगळ्यात जास्त.

“मुलाखत महत्त्वाची असते,” बकुळाबाई म्हणाल्या.

राधाबाईंनी तिथंच फोन लावला. “संघर्ष, ऐक. मॅडमनी स्वतः सांगितलं, घरचं सगळं बरोबर होतं. शेजाऱ्यांनी एवढं केलं आणि तू तिथं जाऊन माती खाल्लीस. आता कुणाला तोंड दाखवू मी?”

 राधाबाईंनी फोन पिशवीत टाकला, बकुळाबाईंना हात जोडले आणि “मॅडम, तुमचे उपकार,” असं म्हणून जिना उतरल्या.