पांढरीवरची दोन मडकी

मंगळवारी दुपारी इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी, माझ्या मित्राला खोऱ्याच्या दांड्याने मारलं. गुरुवारी बारामतीच्या दवाखान्यात तो गेला.

"पाहिलं तेवढंच बोलावं," हे त्याचं पालुपद. पुण्याला विद्यापीठात पुरातत्त्व शिकायला आम्ही एकाच वर्षी गेलो. पहिल्याच आठवड्यात वर्गातलं कुणीतरी खापराचा तुकडा उचलून म्हणालं, "हे राजवाड्यातलं असेल." याने तो उलटापालटा करून पाहिला. "भांड्याचा तळ आहे. जळालाय. पुढचं मला ठाऊक नाही."

तो सांगवीचा. शेतकीची पदवी अर्धी सोडून इकडे आला म्हणून वडिलांनी गोठ्यातल्या कासऱ्याने त्याची पाठ फोडली होती. ते वळ तो हसत दाखवायचा. आजोबा मात्र खरोखर कोड्यात पडले होते.

"ह्यात नोकरी कसली लागती रं?"

"खड्डे काढायची, आबा."

"रोजगार हमीवर बी खड्डंच काढत्यात. तितं शाळा इचारत न्हाईत."

नोकरी तशीच लागली, सहा-सहा महिन्यांच्या कराराची. कधी संग्रहालयात खापरांवर क्रमांक घालायचे, कधी रस्ता होण्याआधी जमीन तपासायची, कधी नुसतं घरी बसायचं. तो खोदायचा, मी रेखाटनं करायचो.

पांढरीचं टेकाड तुम्ही पाहिलं असेल. एकावर एक गावं वसून मोडली की जमीन अशी वर येते. माती राखेसारखी. शेतात टाकली की ऊस माजतो, म्हणून लोक पिढ्यान्‌पिढ्या ती नेत आले. पूर्वी पाटीने नेत, आता जेसीबीने. भीमेकाठच्या या टेकाडावर आम्ही पोचलो तेव्हा अर्धं फाडून झालं होतं. चुली, भिंती, हाडं, सगळं एका घासात तुटलेलं. उभ्या कापलेल्या मातीत एक सांगाडा घोट्यांपाशी संपत होता. ते मात्र जेसीबीचं काम नव्हतं. तीन हजार वर्षांपूर्वी इथे मोठं माणूस पुरताना पाय तोडत.

त्याच्या खाली दोन मडकी होती. आडवी, तोंडाला तोंड लावलेली. तान्हं मूल गेलं की त्याला असं पुरत, घराच्याच जमिनीत. आम्हा दोघांना बघताक्षणी कळलं.

असली मडकी जागेवर उघडत नाहीत. भोवतालच्या मातीसकट बांधून नेतात. शेताच्या मालकाने दुपारपर्यंत जेसीबी थांबवला होता. तीन तास मित्र ब्रशने कण कण माती काढत बसला. माती न्यायला आलेले चौघे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसून बघत होते. मडक्यांपाशी इतका जपून बसलेला माणूस पाहून तुम्हाला तरी काय वाटलं असतं?

"सायेब, आत काय हाय?"

"अजून पाहिलं नाही."

"मग उघडा की."

"पुण्याला नेऊन उघडू."

एकजण खाली उतरला. "म्हंजी सोनं पुण्याला आन् माती आमाला व्हय?"

"सोनं आहे असं मी म्हणालो नाही."

"न्हाय असं बी म्हणला न्हाईस."

मित्राने त्यावर खरंच विचार केला. "तसंही म्हणालो नाही," तो म्हणाला. "न पाहता कसं म्हणू?"

'लेकरू आहे' एवढं म्हटलं असतं, तर त्यांनी हात जोडले असते. मलाही म्हणता आलं असतं. मी पेन्सिल धरून उभा होतो.

पहिला दांडा खांद्यावर बसला. मित्र मडक्यांवर आडवा पडला. दुसरा डोक्यात बसला. मी मध्ये हात घातला, मनगट मोडलं. त्यांनी त्याला पाय धरून ओढलं आणि टिकावाच्या एका घावात दोन्ही मडकी फोडली. आतून माती सांडली. मातीत काड्यांसारख्या बरगड्या, आणि तांदळाच्या कण्यांएवढे, न उगवलेले दात.

ज्याने टिकाव घातला होता तो मटकन खाली बसला. गळ्यातला टॉवेल काढून त्याने हाडांवर पसरला. "आरं, सांगायचं तरी," तो मित्राला हलवत राहिला. "बाबा, सांगायचं तरी." मित्राच्या कानातून रक्त येत होतं.

टेकाडाच्या जागी आता ऊस आहे. हाडं पुण्याला एका डब्यात आहेत. माझं मनगट वाकडं जुळलं. त्या दिवशीचं रेखाटन माझ्याकडे आहे. त्यात एक मडकं पूर्ण आहे आणि दुसऱ्याची अर्धी कड.