चुलतीला डायलॉग दिले तेव्हा

आमच्या विनोदी वेब सिरीजचा दुसरा सीझन पडला. पार तोंडावर आपटला. आमच्या गावात, कोल्हारात, अजून मी दिसलो की लोक हवापाण्याचं बोलायला लागतात.

पहिला सीझन आम्ही तिघा मित्रांनी मोबाईलवर हसतखेळत केला होता. लिहिलेलं काही नव्हतं. मी मोटारसायकलवरून रुबाबात यायचं, एवढंच ठरलेलं. आलो तो थेट माझ्या चुलतीनं वाळत घातलेल्या कुरडयांवरून! ती खराटा घेऊनच धावली. "आरं मुडद्या, डोळं घरी ठिवून आलास व्हय?" पाठीत दोन बसले, वर तिनं माझा बारावीचा निकालही काढला. मित्रानं कॅमेरा बंद केला नाही. नंतर तिला दाखवलं तर पोट धरून हसली आणि म्हणाली, "टाका बिनधास्त."

तोच भाग गाजला. मग दर भागात आम्ही काहीतरी बिघडवायचो आणि चुलती खरोखर चिडायची. आठवडे बाजारात बायका तिला थांबवून फोटो काढायच्या. चुलते गेल्यापासून ती लग्नकार्यालासुद्धा जात नव्हती. आता चांगली साडी नेसून बाजारात दोन फेऱ्या जास्त मारायला लागली. मला लई भारी वाटायचं.

दुसऱ्या सीझनला माझ्या अंगात लेखक शिरला. पानंच्या पानं डायलॉग, माईक, लाईट, पुण्याहून आणलेला कॅमेरा. चुलतीनं म्हशीची धार काढता काढता सगळं पाठ केलं. शूटिंगला शाळेत कविता म्हणतात तशी हात सरळ ठेवून उभी राहिली आणि एक शब्द न चुकता बोलली. नंतर हळूच विचारायची, "बराबर झालं का?" मी म्हणायचो, "एक नंबर!" कसलं एक नंबर, कप्पाळ! मला तेव्हाच दिसत होतं. पण स्वतःच्या लिखाणावर माझा फार जीव.

पहिला भाग तिच्याच घरी टीव्हीवर सगळ्या भावकीनं बघितला. कुणी हसलं नाही. एक म्हातारबा तर मधेच उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले. मोबाईलवर लोकांनी खाली लिहिलं, काकू पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. कुण्या शहाण्यानं ते तिला वाचून दाखवलं. त्या दिवसापासून तिचा बाजार बंद. भाजी शेजारणीकडून मागवायला लागली.

महिनाभर मी तिच्या दारावरून जायचं टाळलं. लाज वाटत होती, दुसरं काय! शेवटी मनाचा हिय्या करून गेलो. चार शिव्या खायच्या आणि मोकळं व्हायचं, असं ठरवूनच गेलो होतो. ती शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली, खुर्ची सरकवली, चहा टाकला. आवाज चढवला नाही की काही नाही.

"काकी," मी म्हणालो, "चूक माझी हाय. मी लिवलेलंच फालतू हुतं."

तिनं चहाची कपबशी माझ्यापुढं ठेवली.

"न्हाई रं. तू शिकलेला मानूस, तुझं कसं चुकंल? मलाच जमलं न्हाई. पुढच्या टायमाला दुसरी एखादी बघ, चांगली बोलनारी."