टाकीमागचं गवत

माझे धाकटे दीर खोटं गवत दुरुस्त करतात. लोकांना वाटतं, प्लॅस्टिकच्या गवताला काय धाड भरणार? पण त्यालाही सगळे भोग आहेत. कुत्री उकरतात, खुर्च्यांचे पाय घासतात, शेगडीतला निखारा पडतो, मुलं एकाच जागी उड्या मारून त्याला टक्कल पाडतात. मग भाऊजींना बोलावणं येतं. गल्लीत सगळे त्यांना ‘माळी’ म्हणतात, आणि त्यात टिंगल आहे, कारण त्यांनी जन्मात एक रोपटं लावलेलं नाही.

माणूस गुणी, पण घरात तोंडात कायम मिठाची गुळणी. लग्नानंतर वर्षभरात बायको माहेरी गेली ती गेलीच. तेव्हापासून ते आमच्या मागच्या खोलीत राहतात. ताट वाढून घेऊन जातात, घासून आणून ठेवतात. आमचे हे त्यांचे सख्खे भाऊ, पण दोघांचं बोलणं म्हणजे ‘नळ गळतोय’ आणि ‘बघतो’. मी खोदून विचारलं तर ‘बरं आहे, वहिनी’ एवढंच. अशा माणसाची चीड येते आणि कीवही येते.

त्यांच्या कामात एक खुबी आहे. नवं गवत गडद, वापरलेलं विटलेलं. नवं ठिगळ लावलं की लांबूनही डोळ्यात खुपतं. म्हणून ते त्याच अंगणात कोणी बघत नाही असा कोपरा शोधतात, तिथला जुना तुकडा कापून खराब जागी बसवतात आणि नवा तुकडा त्या कोपऱ्यात लपवतात. पात्यांचा कल जुळवायचा, खालून पट्टी आणि गोंद, वरून वाळू आणि ब्रश. मग ठिगळ कुठे आहे ते घरमालकालाही सापडत नाही.

मागच्या गल्लीत एक मावशी एकट्या राहतात. मुलं लांब, फोनवर भेटणारी. त्यांच्या अंगणातलं गवत बाकाशेजारी सारखं वितळायचं. दर थोड्या महिन्यांनी भाऊजींना फोन. ते पाण्याच्या टाकीमागचं जुनं गवत कापून तिथे बसवायचे. बाकीची गिऱ्हाइकं खिडकीतून बोलतात आणि चहाचा कप कठड्यावर ठेवून दार लावून घेतात. मावशींनी पहिल्याच दिवशी दोन कप आणले आणि म्हणाल्या, “बसा.” आणि आमचे भाऊजी बसले.

मला हे कळलं ते औषधाच्या दुकानात. मावशी माझा हात धरून म्हणाल्या, “तुमचे दीर किती गप्पिष्ट आहेत हो! हसून हसून माझं पोट दुखतं.” माझ्या हातातली पिशवी पडायची बाकी होती. मला वाटलं, बाई दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतायत.

संध्याकाळी भाऊजी मागच्या पायरीवर कटरचं पातं घासत बसले होते. मी विचारलं, “तिथलंच गवत पुन्हा पुन्हा का जळतं हो?”

“ऊन फार आहे हल्ली.”

“सगळ्या गावाला तेच ऊन आहे.”

पातं दुसऱ्या बाजूने घासत ते म्हणाले, “समोरच्या घराला नवीन काच लागलीय. दुपारचं ऊन तिच्यावर आपटतं आणि मावशींच्या अंगणात पडतं.”

“मग सांगितलं का नाहीत त्यांना?”

“सांगितलं तर बोलावतील कशाला?”

मी चांगली झाडणार होते त्यांना. पण तशीच वळले आणि आत येऊन उगीच भांडी आवरत राहिले.

पुढच्या खेपेला ते परत आले ते पडेल चेहऱ्याने. “टाकीमागचं जुनं गवत संपलं, वहिनी. यापुढे नवं लावलं तर दिसेल.” कामात खोट त्यांना चालत नाही. म्हणून त्यांनी मावशींना काचेचं सांगून टाकलं, आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. मावशींनी ते समोरच्यांच्या कानावर घातलं. समोरच्यांनी खिडकीवर जाळी बसवली. जळणं थांबलं आणि फोनही थांबला.

त्यानंतरचे दिवस मला बघवत नव्हते. भाऊजी फोन बघायचे आणि पालथा ठेवायचे. ताटातलं अर्धं अन्न तसंच परत यायचं. मी म्हटलं, “असंच जाऊन या की एकदा.”

“काय सांगून जाऊ?”

काही फाटलेलं नसताना कोणाच्या अंगणात जाऊन बसायचं कसं, ते त्यांना ठाऊकच नव्हतं. फाटलेलं असेल तरच आपलं काम, अशी त्यांची आयुष्यभराची सवय. खरं सांगते, मला रडू आलं.

आणि काल फोन वाजला. मावशींचं गवत पुन्हा जळलं होतं. भाऊजी पिशवी घेऊन निघाले ते अंधार पडल्यावर परतले आणि चक्क स्वयंपाकघरात पाट ओढून बसले. ताट खोलीत नेलं नाही. आपणहून सांगायला लागले.

जळलेली जागा बाकाजवळ नव्हतीच. स्वयंपाकघराच्या दारात होती, छपराखाली, जिथे कधी ऊन पोचत नाही. चांगली गोल, रेखून काढल्यासारखी. आत ओट्यावर एक पातेलं पालथं घातलेलं, बुडाला हिरवं गवत वितळून चिकटलेलं.

“मी विचारलं, कसं झालं, मावशी?” भाऊजी म्हणाले. “त्या भलतीकडेच बघत म्हणाल्या, ऊन फार आहे हल्ली.”

“मग?”

“मी म्हटलं, जुनं गवत संपलंय. आता ठिगळ दिसेल. तर म्हणाल्या, दिसू दे की. बसा आधी.”

त्यांनी भाताचा घास घेतला. मी विचारलं, “मग लावलंत का ठिगळ?”

“नाही,” भाऊजी म्हणाले, “वेळच झाला नाही. उद्या बोलावलंय.”