बर्फावरची तीन चाकं

ताजुद्दीन मुकादम घरातून निघताना गॅसचा कॉक बंद आहे का ते बघायचा, जिना उतरायचा आणि खालून परत वर येऊन पुन्हा बघायचा. सफूराने या सवयीला हसणं लग्नानंतर वर्षभरातच सोडून दिलं. जयगडच्या खाडीकाठी तो वाढला. बाप होडीवर गेला की तो परतेपर्यंत आई ओट्यावरून उठायची नाही, आणि तिच्या शेजारी बसून बसून ती वाट बघणं पोराच्याही अंगात मुरलं. पुढे डिझेल मेकॅनिक होऊन तो सौदीला आला, हाइलमध्ये रुजला, पण ती धास्ती काही गेली नाही.

धंद्यात मात्र त्याच्या या स्वभावाला किंमत होती. हाइलच्या आसपासच्या वाळूत क्वाड, म्हणजे चार चाकी मोटरसायकल, पळवायला येणारे हौशी लोक गाडी त्याच्याकडेच आणायचे. ब्रेक स्वतः दाबून बघितल्याशिवाय हा मुहंदिस, म्हणजे इंजिनिअर, किल्ली हातात देत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. वर्कशॉप कागदोपत्री त्याच्या कफीलचं, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा होता त्या सौदी मालकाचं, नबीलचं. नबील वयाने त्याला मुलासारखा. बाप वारल्यावर धंदा त्याच्याकडे आला होता आणि तो ताजुद्दीनला मान देऊन वागायचा.

हिवाळ्याच्या सुरुवातीला नबीलने एक जुनी तीन चाकी गाडी टेम्पोतून उतरवली. पुढे एक चाक, मागे दोन, तिन्ही फुग्यासारखी गुबगुबीत. ती त्याच्या बापाची. एके काळी वाळवंटात अशा गाड्या पुष्कळ होत्या. त्या वळताना उलटायच्या, माणसं खाली सापडायची, म्हणून पुढे त्या बनवणंच थांबलं. ताजुद्दीनने ती गाडी ओळखली आणि त्याला बरं वाटलं नाही.

नबीलने सांगितलं ते ऐकून तर तो स्टुलावर बसलाच. लाल समुद्राकाठच्या किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीमध्ये एका मोठ्या हॉलात यंत्राने बर्फ गोठवून हिवाळी खेळ भरणार होते. त्यात तीन चाकी गाड्यांची बायकांची शर्यत होती. गाडी बर्फावर चालेल अशी तयार करायची. चालवणार कोण, असं ताजुद्दीनने विचारलं. नबीलने दाराकडे पाहिलं. दारात अरवा उभी होती.

अरवा ही ताजुद्दीनची एकुलती एक मुलगी. हाइलमध्येच जन्मलेली, तिथल्याच इंडियन स्कूलमध्ये शिकलेली, आणि आता एका खासगी हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या कामाला. सुट्टीच्या दिवशी ती मैत्रिणींबरोबर वाळूत क्वाड चालवायची, ते त्याला माहीत होतं. तिची गाडी तोच तपासायचा. पण शर्यतीत नाव घालून आल्याचं तिने घरी सांगितलं नव्हतं. बापाने मराठीत विचारलं, तिने हिंदीत उत्तर दिलं, तिला अवघड बोलायचं असलं की ती तसंच करायची. नबीलभाईंना तिने स्वतःच विचारलं होतं. कुणी गळ घातली नव्हती.

त्या संध्याकाळी सफूराने ताट वाढलं, पण ती समोर बसली नाही. स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "तुम्ही नाही म्हणा. तुमचं ती ऐकेल."

"ऐकणार नाही. आणि मी नाही म्हटलं तर गाडी दुसरा कुणी तयार करेल. कुठला बोल्ट सैल राहिलाय, ते मग मला कळणारही नाही."

"म्हणजे स्वतःच्या हाताने पाठवणार तिला."

सफूरा पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

बर्फ म्हणजे काय, ते ताजुद्दीनला ठाऊक होतं ते मासळीच्या पेटीपुरतं. त्यावरून गाडी कशी पळेल, हे कळायला त्याने परदेशातले व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले. टायरला स्क्रू बसवायचे, एवढं पहिल्याच दिवशी समजलं. टोकं बाहेर काढायची असं त्याला वाटत होतं, पण निघालं उलटंच. स्क्रू बाहेरून रबरात पिळायचा आणि त्याचं खाचा पाडलेलं डोकं बाहेर ठेवायचं. बर्फाला चावतं ते डोकं. टोकं आत ट्यूबला टोचू नयेत म्हणून टायरच्या आत जुन्या टायरचं अस्तर घालायचं. हॉलवाल्यांचाही हाच नियम होता, कारण त्यांचा बर्फ जेमतेम दोन बोटं जाड आणि त्याखाली गोठवणाऱ्या नळ्या.

गुबगुबीत चाकं काढून त्याने अरुंद, कडक टायर चढवले. टायरच्या नक्षीच्या एकेक ठोकळ्यात स्क्रू पिळताना त्याच्या मनात एकच चित्र यायचं. मागचं चाक बसणाऱ्याच्या पोटरीपासून हातभर अंतरावर फिरतं, आणि आता त्या चाकाला शेकडो लोखंडी दात आले होते. पाय ठेवायच्या पायरीवरून तो घसरला की गाडी तो मागे ओढून चाकाखाली घेते, या गाड्यांची ही जुनीच खोड. म्हणून त्याने चाकांवर जाड पत्र्याची झाकणं बसवली. पायरी आणि चाक यांच्यामध्ये लोखंडी पट्ट्यांची जाळी वेल्डिंग करून घेतली. इंजिन बंद करणारी दोरी लावली. तिचं एक टोक हँडलवर, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पडला की दोरी निसटते आणि इंजिन जागेवर मरतं. ती दोरी त्याने दिवसभरात किती वेळा ओढून बघितली असेल, देव जाणे. इंजिन चालू करायचा, ओढायचा. पुन्हा चालू करायचा, पुन्हा ओढायचा. शेजारचा टायरवाला शेवटी बाहेर येऊन बघून गेला.

एवढं करूनही त्याला झोप लागेना. थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. कार्बोरेटरचा जेट, ज्याच्या भोकातून पेट्रोल येतं तो, छोटा पडला तर इंजिन तापून जाम होईल, इंजिन जाम झालं की मागची चाकं अडकतील, आणि भरधाव गाडीची चाकं अडकली की पुढचं काही आपल्या हातात नाही. हाइलची थंडी कितीही बोचरी असली तरी हॉलातली थंडी ती नव्हे. इथे जमवलेलं तिथे चालेलच, असं कोण सांगणार.

तेव्हा त्याला इस्मत आठवला. इस्मत गुहागरकडचा, यान्बूला मासळीच्या शीतगृहाची देखरेख करणारा. त्याच्याकडे एक कोठी रिकामी होती. ताजुद्दीनने फोन केला, आणि इस्मतने आढेवेढे न घेता कोठीच्या फरशीवर पाण्याचे थर गोठवून ठेवायचं कबूल केलं. शर्यतीच्या आठवडाभर आधी बापलेक पिकअपमध्ये गाडी बांधून निघाले. मदिनेपर्यंत अरवाच पिकअप चालवत होती. ताजुद्दीन मधूनमधून मागे वळून दोरखंड बघत होता.

कोठीत श्वासाची वाफ होत होती. धूर कोंडू नये म्हणून इस्मतने दार सताड उघडं ठेवलं. त्यामुळे दाराजवळचा बर्फ ओला होऊन आरशासारखा चकाकत होता. ताजुद्दीनने त्यावर पाय ठेवला आणि भिंत धरली. पाण्याचा त्याला जन्माचा परिचय, पण पाणी आपल्या पायाखाली असं उभं राहिलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. अरवा हेल्मेट चढवू लागली. त्याने ते तिच्या हातातून घेतलं.

"आधी मी."

"अब्बा, आपको चलाना नहीं आता."

"सरळ चालवता येतं. तेवढं पुरे."

त्याने दोरी मनगटाला बांधली. इंजिनाचा आवाज कोठीत एवढा भरला की दुसरं काही ऐकू येईना. सरळ तो गेला, अगदी व्यवस्थित. भिंतीशी वळायला हँडल फिरवलं तर पुढचं चाक नुसतंच घसरत राहिलं. घाबरून त्याने अंग आत झुकवलं, तोच मागची चाकं बर्फाला एकदम चावली. गाडी उलट्या बाजूला कलंडली. त्याने हात टेकला, आणि मनगटात काहीतरी मोडल्याचं त्याला कानांनी नाही, दातांत कळलं.

दोरी निसटली होती, इंजिन मेलं होतं. गाडी त्याच्या पायावर पडली खरी, पण जाळीने चाक अडवून धरलं होतं. इस्मत धावत आला, घसरला आणि बसून राहिला. अरवा मात्र बर्फावरून बेताने, लहान लहान पावलं टाकत आली. तिने बापाचा हात उचलला नाही, आधी नुसता पाहिला. मनगट पालथ्या ठेवलेल्या काट्याच्या चमच्यासारखं वाकलं होतं. अशा मनगटांचे एक्स-रे ती रोज काढायची.

"हाललात तर बघा," ती मराठीत म्हणाली. तिने इस्मतला पुठ्ठा आणि ओढणी आणायला लावली, हात बांधला आणि बापाला क्लिनिकमध्ये नेलं. प्लास्टर होईपर्यंत ती बाहेरच्या बाकावर बसून होती. तो बाहेर आल्यावर तिने विचारलं, "का बसलात तुम्ही? मी बसणार होते ना?"

"तू कुठे पडशील ते मला आधी बघायचं होतं, बाय."

तिने त्याच्या गळ्यातली झोळी नीट केली. मग म्हणाली, की वाटलं तर ती नाव मागे घेते. ताजुद्दीनला हेच हवं होतं, किती दिवस हवं होतं. पण आता ते समोर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आजपासून ती प्रत्येक वेळी त्याच्या मनगटाकडे बघून पाऊल मागे घेईल. आईच्या शेजारी ओट्यावर बसलेला एक पोरगा त्याला आठवला.

"गाडीत चूक आहे," तो म्हणाला. "चूक काढू. मग ठरव."

चूक त्याला पडता पडताच कळली होती. पुढच्या चाकाला स्क्रू कमी होते, ते वाढवायचे. मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेचे मात्र काढायचे, म्हणजे वळताना गाडी घसरेल, पण चावून उलटणार नाही. बैठकही खाली घ्यायची. हे सगळं करायला दोन हात लागतात आणि त्याचा उजवा गळ्यात होता. इस्मतच्या शीतगृहाच्या अंगणात तो खुर्चीवर बसला आणि अरवा चाकाशी मांडी घालून. त्याच्या आयुष्यातले सगळ्यात कठीण दिवस ते. दुसऱ्याने बोल्ट आवळायचा आणि आपण नुसतं बघायचं. तो सारखा सांगत होता, अजून पाव फेरी, अजून थोडं, आता थांब. पहिल्या दिवशी ती चिडली. दुसऱ्या दिवशी त्याने सांगण्याआधीच ती थांबू लागली. स्क्रू रबरात पूर्ण बसला की पान्याला एक जडपणा येतो, तो तिच्या हाताला कळायला लागला होता. इंजिनाचा स्पार्क प्लग काढून तिने त्याचा रंग त्याला दाखवला. पांढुरका होता, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. जेट बदलून पुन्हा गाडी फिरवल्यावर प्लग चहासारखा तपकिरी निघाला. मग कोठीत ती बसली आणि हळूहळू वळली. गाडी घसरली, पण उलटली नाही. ताजुद्दीन दारात उभा होता, आणि तिच्या प्रत्येक वळणाला दाराची चौकट धरत होता.

शर्यतीच्या दिवशी सफूरा हाइलहून विमानाने आली. प्लास्टर बघून ती नवऱ्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या चांगल्या हातावर आपला हात ठेवून राहिली. नबील खाली कठड्याशी होता. दिवे लागले, गाड्या सुटल्या, बर्फाचा चुरा उडाला. पहिल्या वळणावर अरवा मधोमध होती. दुसऱ्या फेरीत एक गाडी तिच्या समोर आडवी झाली, सफूराने डोळे मिटले, पण अरवा तिला वळसा घालून गेली. पुढच्या वळणावर तिचं चाक नेहमीपेक्षा जरा लांब घसरलं. इतक्या लांबून ते ताजुद्दीनखेरीज कुणाला दिसलं नसतं. तो उठून उभा राहिला. तिला सांगायला त्याच्याकडे काहीच साधन नव्हतं, आणि अजून फेऱ्या बाकी होत्या.

अरवाने हात वर केला. वेग कमी करून ती कडेला आली आणि गाडी बंद केली.

तो खाली पोचला तेव्हा नबील तिला समजावत होता, की एवढं काय, चालली असती, पूर्ण तरी करायची होतीस. अरवा हेल्मेट काढून पुढच्या टायरकडे बोट दाखवत होती. रबराची एक पट्टीच्या पट्टी फाटून तिथले स्क्रू उडाले होते.

"वळताना चाक बोथट लागलं," ती म्हणाली. "खलास. असं नाही चालवणार मी."

नबीलने टायर पाहिला आणि मान हलवली. ताजुद्दीन तिथेच एका पेटीवर बसला. इतके दिवस तो गाडी तपासत होता. ही मुलगी कुठे थांबेल, हे तपासायला त्याच्याजवळ कुठलीच दोरी नव्हती, आणि ती आपणहून थांबली होती.

त्याच दिवशीच्या दुसऱ्या शर्यतीआधी तिने टायर बदलला, स्वतःच. तिने आवळलेला एकही बोल्ट त्याने पुन्हा बघितला नाही. म्हणजे बघितला, पण एकदाच. अरवा शेवटून दुसरी आली आणि हसत हसत बाहेर पडली. सफूरा तिला जवळ घेऊन रडली, मग रागावली, मग पुन्हा रडली.

ती गाडी आता हाइलच्या वर्कशॉपमध्ये कापडाखाली असते. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जायचं, असं नबील म्हणतो आणि अरवा बघू म्हणते. ताजुद्दीनचं मनगट सांधलं, जरा वाकडं. सुट्टीच्या दिवशी ती वाळूत जायला निघाली की तो अजूनही खिडकीशी उभा राहतो. ती परत येईपर्यंत त्याच्याने जेववत नाही. फक्त तिची क्वाड आता तो तपासत नाही, ती स्वतः तपासते.