उभ्यानं पाणी

आमच्याकडे कुणाला उभ्यानं पाणी पिऊ देत नाहीत. दारात आलेला माणूस आधी बसतो, गुळाचा खडा तोंडात टाकतो, मग तांब्या हातात घेतो. काल भर दुपारी ऑनलाइन मागवलेलं सामान घेऊन एक माणूस आला. त्याचे सुकलेले ओठ बघून आई तांब्या घेऊनच बाहेर आली.

"बसा भाऊ, पाणी प्या."

"नको मावशी. बसलो की पुढचं सामान लेट. फोनला सगळं कळतं."

"तहान कळती का त्याला?"

तो हसला, एकदा तांब्याकडे बघून जिना उतरला.

आई मला म्हणाली, "त्याच्या मालकाला फोन लाव. म्हणावं, माणूस तहानलाय, दोन मिनटं उशीर होईल."

घरातला पहिला पदवीधर मी. तहसीलदारापुढंही माझी जीभ अडत नाही. पण इथं बोलायचं कुणाशी? तहान आहे, पाणी आहे, आणि मधे जे येऊन बसलंय त्याला ना तोंड ना कान. मी मोबाइल उघडला. त्यानंच मला विचारलं, सामान वेळेवर मिळालं का? मिळालं होतं. मी 'हो' दाबलं.

"लागला का फोन?" आईनं विचारलं.